मानवी हक्कांच्या अभ्यासकाचे संशोधन मोजताना: कामाच्या यादीपासून अंतिम टिपणापर्यंत

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार विधी-अभ्यासकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला होता. त्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निर्दोष सोडले. संमती देणे आणि धाकापुढे निमूट होणे यांत कायद्याने फरक केलाच पाहिजे, असे या चौघांचे म्हणणे होते. पुढे देशभर आंदोलन झाले, १९८० मध्ये विधी आयोगाचा ८४ वा अहवाल आला, १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली आणि पुरावा कायद्यात कलम ११४-अ दाखल झाले.

हे पत्र ‘सुप्रीम कोर्ट केसेस’च्या जर्नल विभागात छापले गेले. त्याला डीओआय (प्रकाशनाचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक) नाही, सारांश नाही, मागे संदर्भसूची नाही. संशोधनाची मोजदाद करणाऱ्या संगणकीय माहितीसंचांच्या (पुढे नुसते ‘संच’) दृष्टीने ते जवळजवळ अस्तित्वातच नाही. ज्यांनी पुढे त्याचा उल्लेख केला त्यांच्या तळटिपांतून ते अधूनमधून डोकावते, तेही दर वेळी वेगळ्या शीर्षकाने.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते आणि प्राध्यापकांच्या संशोधनाचे आकडे काढून देणे हा माझ्या कामाचा भाग आहे. भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाचे आकडे अर्ध्या दिवसात निघतात. मानवी हक्कांवर काम करणाऱ्या अभ्यासकाचे आकडे नीट काढायचे तर आठवडा जातो, कारण त्याच्या कामाचा मोठा भाग यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात नसतो. म्हणून पुढील सगळी पद्धत एकाच नियमावर उभी आहे: आधी अभ्यासकाच्या कामाची यादी आपण स्वतः करायची आणि मगच संच उघडायचा. उलट्या क्रमाने गेले की संचाला जे दिसते तेवढेच त्या माणसाचे काम, असे नकळत गृहीत धरले जाते.

मोजणी कशासाठी हवी आहे?

हा प्रश्न लेखी विचारावा आणि त्याचे उत्तरही लेखी घ्यावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार पदोन्नतीचे संशोधन-गुण काढायचे असतील, तर मानव्यविद्या आणि समाजविज्ञान गटात शोधनिबंधाला १० आणि आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२ असे ठरलेले गुण आहेत. तेथे प्रकाशनाचा प्रकार मोजला जातो, त्या प्रकाशनाचा पुढे कोणी उपयोग केला की नाही याला फारसे स्थान नाही. निवड समितीला उमेदवाराचा विद्याशाखेतील वजनदारपणा पाहायचा असेल तर सायटेशन, म्हणजे इतर लेखनात झालेले त्याच्या कामाचे उल्लेख, लागतात. एखाद्या निधी देणाऱ्या संस्थेला समाजावर झालेला परिणाम हवा असेल तर सायटेशनही अपुरे पडतात. एकच तक्ता तिघांना दिला की तिघांचीही दिशाभूल होते.

कामाची यादी

यादीची सुरुवात अभ्यासकाने दिलेल्या परिचयपत्रापासून करावी, पण तेथेच थांबू नये. ज्येष्ठ अभ्यासकांच्या परिचयपत्रांत जुने लेख गळालेले असतात आणि कनिष्ठांच्या परिचयपत्रांत न छापलेले लेख शिरलेले असतात. ग्रंथालयांच्या सामायिक सूची, प्रकाशकांची संकेतस्थळे, कायद्याच्या नियतकालिकांसाठी हाइनऑनलाइन, मार्गदर्शन केलेल्या प्रबंधांसाठी इन्फ्लिबनेटचे शोधगंगा हे सगळे पाहून प्रत्येक नोंद पडताळून घ्यावी.

एका साध्या तक्त्यात शीर्षक, वर्ष, भाषा, प्रकार, सहलेखकांची संख्या, कोठे प्रसिद्ध झाले, डीओआय किंवा आयएसबीएन किंवा दस्तऐवज क्रमांक, आणि छापण्यापूर्वी तज्ज्ञांनी समीक्षित आहे की नाही, एवढे रकाने पुरतात. भाषेचा रकाना अनेक जण टाळतात. तो टाळू नये. मराठीत, कोकणीत किंवा हिंदीत लिहिलेले लेख वेगळे दिसले नाहीत तर पुढे ‘हे आकड्यांत का आले नाही’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

प्रकाराचा रकाना मात्र खरी डोकेदुखी आहे. मानवी हक्कांच्या क्षेत्रात पुस्तके, पुस्तकांतील प्रकरणे आणि शोधनिबंध यांच्याखेरीज सत्यशोधन समित्यांचे अहवाल असतात, न्यायालयांना सादर केलेली निवेदने असतात, संयुक्त राष्ट्रांसाठी लिहिलेले अहवाल असतात आणि तत्त्वसंहितांचे मसुदे असतात. यांपैकी अनेकांवर लेखकाचे नाव एक तर नसते, किंवा संस्थेच्या नावामागे झाकलेले असते.

फिलिप ऑल्स्टन यांचे उदाहरण घेऊ. २०१४ ते २०२० या काळात ते अतिदारिद्र्य आणि मानवी हक्क या विषयावरील संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे पाहणी करून अहवाल देणारे स्वतंत्र तज्ज्ञ, होते. कल्याणकारी योजनांच्या संगणकीकरणावर त्यांनी २०१९ मध्ये आमसभेला दिलेल्या अहवालाचा क्रमांक ए/७४/४९३ असा आहे. हा अहवाल उद्धृत करताना कोणी ऑल्स्टन यांचे नाव लिहितो, कोणी ‘विशेष प्रतिवेदक’ लिहितो, कोणी ‘संयुक्त राष्ट्र आमसभा’ लिहितो, तर कोणी फक्त क्रमांक देतो. यंत्राच्या हिशेबी हे चार वेगळे लेखक होतात. नेदरलँड्समध्ये लाभार्थींच्या फसवणुकीचा अंदाज बांधणारी ‘सिरी’ नावाची सरकारी प्रणाली हेगच्या जिल्हा न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये मोडीत काढली. त्या खटल्यात ऑल्स्टन यांनी न्यायालयाला निवेदन दिले होते. तेही त्यांच्या कामाच्या यादीत आले पाहिजे, आणि कोणताही संच ते आपणहून आणून देणार नाही. म्हणून अशा कामांसाठी तक्त्यात दस्तऐवज क्रमांकाचा रकाना ठेवावा आणि शोध नावाबरोबरच क्रमांकानेही घ्यावा.

सामूहिक मसुद्यांचे काय करायचे, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. लैंगिक कल आणि लिंगभाव ओळख यांविषयीची योग्यकर्ता तत्त्वे २००६ मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून तयार केली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नाल्सा निकालात, म्हणजे तृतीयपंथीय व्यक्तींच्या हक्कांच्या निकालात, त्यांचा आधार घेतला. त्या तत्त्वांवर स्वाक्षरी करणाऱ्या एखाद्या अभ्यासकाला याचे किती श्रेय द्यावे? मी अशी कामे यादीत घेते, पण ‘सामूहिक’ अशी खूण करून कोणत्याही बेरजेत धरत नाही. त्यांचे वर्णन शब्दांत करते. कोणी प्रत्येकाला एक अष्टमांश, एक विसांश असे वाटे पाडून देतात. माझ्या मते त्या अपूर्णांकांना फक्त दिसायला नेमकेपणा असतो.

आणखी एक गोष्ट येथेच नोंदवावी. दडपशाहीच्या वातावरणात काम करणारे काही अभ्यासक टोपणनावाने लिहितात. असे लेखन त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय आणि लेखी परवानगी दिल्याशिवाय त्यांच्या नावाखाली जोडू नये. मोजणी पूर्ण होण्यापेक्षा माणूस सुरक्षित राहणे महत्त्वाचे.

नावांचा गुंता

मराठी माणसांच्या नावांनी संचांची फार परीक्षा पाहिली आहे. ‘कुलकर्णी एस.’ किंवा ‘पाटील आर.’ या नावाखाली शेकडो लेखक एकत्र बांधलेले सापडतात. काही जणांचे वडिलांचे नाव मध्ये येते, काहींचे गळते. स्त्री-अभ्यासकांचे लग्नापूर्वीचे आणि नंतरचे लेखन दोन वेगळ्या व्यक्तींच्या नावावर जमा होते. इंग्रजी वर्णविन्यासात ‘व’ साठी कधी एक अक्षर वापरले जाते, कधी दुसरे, त्यामुळे धागमवार हे आडनावही दोन प्रकारे लिहिलेले आढळू शकते. सुरुवातीच्या काळात मी एका विधी-अध्यापिकेच्या नावावर त्वचारोगावरचे अकरा शोधनिबंध जमा केले होते. आकडा इतका चांगला आला होता की तो तपासावा असे कोणालाच वाटले नाही, आणि बाईंनीच हसत हसत तो परत पाठवला.

यावर आज उपलब्ध असलेला बरा उपाय म्हणजे ऑर्किड क्रमांक. २०१२ पासून हा १६ अंकी क्रमांक कोणत्याही संशोधकाला विनामूल्य मिळतो आणि नाव बदलले तरी तोच राहतो. हयात अभ्यासकाला तो घ्यायला लावावे. ज्यांनी तो घेतलेला नाही किंवा जे आज हयात नाहीत, त्यांच्यासाठी नावाची सर्व रूपे, काम केलेल्या संस्था आणि सहलेखक यांचे एक टिपण करून त्यावर प्रत्येक नोंद घासून पाहावी. स्कोपस हा संच एकेका लेखकाच्या नोंदींचे गट आपोआप पाडतो. चुकलेला गट दुरुस्त करून घेण्याची सोय त्यात आहे, ती वापरावी.

कोणत्या संचाला काय दिसते

सायटेशनची सूची ही कल्पना मुळात कायद्याच्या क्षेत्रातलीच आहे. एखाद्या निकालाचा आधार पुढे कोणकोणत्या निकालांनी घेतला हे दाखवणारी शेपर्डची सूची अमेरिकेत १८७३ पासून वकिलांच्या हाताशी होती. यूजीन गारफिल्ड यांनी त्यावरून धडा घेऊन विज्ञानासाठी तशी सूची उभी केली आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स प्रसिद्ध झाला. आजचा वेब ऑफ सायन्स त्याचाच वंशज. गंमत अशी की, कायद्यापासून निघालेली ही पद्धत परत कायद्याच्या अभ्यासकांकडे आली तेव्हा तिला त्यांच्या तळटिपा वाचता येईनात.

कारण सरळ आहे. विज्ञानातील लेखाच्या शेवटी संदर्भांची एक यादी असते आणि यंत्र ती उचलते. कायद्याच्या लेखात बहुधा अशी यादी नसते. संदर्भ पानापानांवरच्या तळटिपांत विखुरलेले असतात, पहिल्यांदा पूर्ण आणि नंतर ‘तत्रैव’ किंवा ‘पूर्वोक्त टीप १४’ अशा खुणांनी.

वेब ऑफ सायन्स आणि २००४ मध्ये सुरू झालेला स्कोपस हे दोन्ही वर्गणीचे संच निवडक नियतकालिके घेतात. त्यांची निवड इंग्रजीकडे झुकलेली आहे आणि पुस्तकांची बाजू लंगडी आहे. मानवी हक्कांवरचे महत्त्वाचे लेखन पुस्तकांतच अधिक असते, म्हणून ही उणीव येथे जास्त बोचते. समाज प्रबोधन पत्रिका किंवा नवभारत यांसारख्या मराठी नियतकालिकांतील लेखांचा तर तेथे पत्ताच नसतो. तरीही या संचांत एक कमी वापरली जाणारी युक्ती आहे: वेब ऑफ सायन्समध्ये ‘साइटेड रेफरन्स सर्च’ उघडून लेखकाचे नाव टाकले, की संचात नसलेल्या पुस्तकांचे आणि अहवालांचे उल्लेखही दिसतात. स्कोपसमध्ये हेच काम दुय्यम दस्तऐवजांच्या, म्हणजे संचात नसलेल्या पण उद्धृत झालेल्या कामांच्या, यादीतून होते. या दोन जागा न पाहता काढलेला पुस्तक-लेखकाचा आकडा निरर्थक समजावा.

गूगल स्कॉलर सर्वांत जास्त पाहतो आणि सर्वांत कमी निवडतो. पुस्तके, प्रबंध, अहवाल, परिषदेतील टिपणे, एखाद्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर चढवलेली अभ्यासक्रमाची पुस्तिका, सगळे त्यात येते. कौतुकाचे आणि कचऱ्याचे मिळून आकडा फुगतो. कोणत्याही एका शोधाचे तो १००० पेक्षा अधिक निकाल दाखवत नाही. त्यातील नोंदी पद्धतशीर उतरवून घ्यायला अॅन-विल हार्झिंग यांचे ‘पब्लिश ऑर पेरिश’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर मी वापरते.

वर्गणी परवडत नसेल तर ओपनअॅलेक्स पाहावा. मायक्रोसॉफ्टचा असाच एक संच २०२१ च्या अखेरीस बंद झाल्यावर तो २०२२ मध्ये खुला झाला, त्यात २० कोटींहून अधिक कामांच्या नोंदी आहेत आणि त्या कोणालाही उतरवून घेता येतात. डायमेन्शन्स या संचाचीही काही सोय विनामूल्य आहे. महाराष्ट्रातील लहान महाविद्यालयांच्या ग्रंथपालांना मी ओपनअॅलेक्स आणि गूगल स्कॉलर ही जोडी सुचवते. एक शिस्तीचा, दुसरा सैल, आणि दोघांमधील तफावत स्वतःच बरेच काही सांगते.

मराठी साहित्याबाबत एक विशेष अडचण सांगितलीच पाहिजे. शोधगंगेवरील कित्येक जुने मराठी प्रबंध श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेले आहेत, तर काही नुसते स्कॅन केलेले आहेत. पडद्यावर आपल्याला स्वच्छ देवनागरी दिसते, पण यंत्राला त्यामागे असंबद्ध रोमन अक्षरे दिसतात किंवा काहीच दिसत नाही. त्यामुळे नावाचा शोध रिकामा येतो. शिवाय मराठीत नाव विभक्तीसह येते: ‘बक्षींनी’, ‘बक्षींच्या’, ‘धागमवारांचे’. पूर्ण शब्द जुळवणाऱ्या शोधाला ही रूपे सापडत नाहीत. अशा वेळी विषय निवडून दहा-पंधरा प्रबंधांच्या संदर्भसूची डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही. कंटाळवाणे काम आहे, पण मराठीतील वाचन कोठवर पोचले हे त्यातूनच कळते.

नोंदी साफ करणे आणि आकडे काढणे

येथे एक काल्पनिक अभ्यासक घेऊ. त्यांच्या बारा कामांना गूगल स्कॉलरवर उतरत्या क्रमाने ६४, ४१, ३०, १८, १२, ९, ७, ५, ३, १, ० आणि ० सायटेशन मिळालेली दिसतात. एकूण बेरीज १९०.

एच-इंडेक्स ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. कामे उतरत्या क्रमाने लावायची आणि क्रमांक जेथवर सायटेशनपेक्षा मोठा होत नाही तेथवर जायचे. वरच्या यादीत सातव्या कामाला ७ सायटेशन आहेत, आठव्याला ५. म्हणून एच-इंडेक्स ७. गूगल स्कॉलर देतो तो आय-१० इंडेक्स, म्हणजे किमान १० सायटेशन मिळालेल्या कामांची संख्या, येथे ५.

आता नीट पाहिल्यावर लक्षात येते की ३० आणि १८ सायटेशनच्या दोन नोंदी एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या आहेत. हे नेहमी घडते. बक्षी यांचे मानवी हक्कांच्या भवितव्यावरील पुस्तक २००२ मध्ये आले आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या २००६ व २००८ मध्ये निघाल्या, त्यामुळे वाचक आपल्या हाताशी असलेली आवृत्ती उद्धृत करतात. आपल्या काल्पनिक अभ्यासकाच्या दोन्ही आवृत्त्यांचा उल्लेख करणारे चार लेख सामायिक निघाले, तर जोडलेल्या नोंदीची सायटेशन ४४ होतात. नवी रांग अशी: ६४, ४४, ४१, १२, ९, ७, ५, ३, १, ०, ०. सहाव्या कामाला ७, सातव्याला ५. एच-इंडेक्स ६ झाला, आय-१० इंडेक्स ४ झाला आणि बेरीज १८६ झाली.

अभ्यासकाचे एकही काम कमी झाले नाही, एकही वाचक कमी झाला नाही, फक्त नोंदी खऱ्या झाल्या आणि निर्देशांक घसरला. आवृत्त्या वेगळ्या ठेवून निर्देशांक वाढवता येतो, हेही यातून उघड होते. म्हणून आवृत्त्या जोडायच्या की नाहीत याचा नियम आधी ठरवावा, सर्वांना तोच लावावा आणि टिपणात लिहावा. पुस्तकाचे भाषांतर मी मूळ पुस्तकाला जोडते. मजकूर निम्म्याहून अधिक बदलला असेल अशी आवृत्ती वेगळी ठेवते.

एच-इंडेक्सची दुसरी खोट मानवी हक्कांच्या अभ्यासकाला विशेष जाचते. ज्याने तीस वर्षांत तीन मोठी पुस्तके लिहिली आणि प्रत्येकाचा हजार ठिकाणी उल्लेख झाला, त्याचा एच-इंडेक्स ३ च्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून निर्देशांकाशेजारी सर्वाधिक उद्धृत पाच कामांची नावे आणि त्यांची सायटेशन द्यावीत, आणि सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीतला मधला आकडा, द्यावा. वरच्या सुधारित यादीची सरासरी १७ च्या आसपास येते, मध्यक मात्र ७ आहे; सरासरी पहिल्या तीन कामांनी ओढलेली आहे. स्वतःच केलेली सायटेशन वेगळी काढून दोन्ही आकडे द्यावेत. स्वतःचे पूर्वीचे काम उद्धृत करणे हा गुन्हा नाही, पण एकूण आकड्याचा तिसरा हिस्सा स्वतःचाच असेल तर वाचणाऱ्याला ते कळले पाहिजे.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर व्यक्तीच्या तक्त्यात घालू नये. तो दोन वर्षांच्या खिडकीतून संपूर्ण नियतकालिकाची सरासरी सांगतो, आणि कायद्यातील लेखाला ओळख मिळायलाच अनेकदा त्याहून जास्त काळ लागतो. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने, म्हणजेच डोराने, हेच बजावले आहे आणि त्याच विषयावरील २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातील दहा तत्त्वांतही स्थानिकदृष्ट्या महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण देण्याचे एक तत्त्व आहे. समितीत कोणी हट्ट धरला तर हे दोन दस्तऐवज पुढे करावेत. मला त्यांचा उपयोग झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यानंतर नियतकालिकाचा दर्जा ठरवण्याचे काम पुन्हा संस्थांवर येऊन पडले आहे, त्यामुळे असे हट्ट वाढतील असे दिसते.

तुलना कोणाशी

मानवी हक्कांचा अभ्यास ही एक विद्याशाखा नाही. विधी, राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र, इतिहास, सार्वजनिक आरोग्य अशा अनेक वाटांनी लोक तेथे येतात, आणि प्रत्येक वाटेवर उल्लेख करण्याची सवय निराळी असते. आरोग्याच्या हक्कावर वैद्यकीय नियतकालिकात लिहिणाऱ्याची सायटेशन कैद्यांच्या हक्कांवर विधी नियतकालिकात लिहिणाऱ्याच्या कित्येक पट निघतात. त्यातून दुसऱ्याचे काम उणे ठरत नाही. स्कोपसच्या आधारे मिळणारे विषयभारित गुणोत्तर, म्हणजे लेखाच्या सायटेशनची त्याच विषयातील सरासरीशी तुलना, ही अडचण काहीशी कमी करते, त्यात जागतिक सरासरी १ धरलेली असते. परंतु ते संचाने ठरवलेल्या विषयगटांवर चालते आणि मानवी हक्कांचा लेख कोणत्या गटात पडेल याची शाश्वती नसते.

मी हाताने गट बांधते. पीएच.डी. दोन-तीन वर्षांच्या अंतराने मिळवलेले, त्याच मूळ विद्याशाखेचे, त्याच भाषांत लिहिणारे आठ-दहा अभ्यासक निवडायचे, आणि निवड आकडे पाहण्यापूर्वी करायची. आकडे पाहून गट निवडला की हवा तो निष्कर्ष निघतो.

उल्लेख वाचून पाहणे

यानंतर संगणक बाजूला ठेवून उल्लेख वाचावेत. सर्वाधिक उद्धृत तीन कामांचे प्रत्येकी दहा-बारा उल्लेख चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि मूळ लेखात ते वाक्य शोधावे. कोणी त्या युक्तिवादावर आपली मांडणी उभारली आहे, कोणी तो खोडला आहे, कोणी नुसते ‘याविषयी पाहा’ म्हणून सात नावांच्या रांगेत ढकलून दिले आहे. तीन रकाने करून खुणा कराव्यात. वैश्विक हक्क आणि सांस्कृतिक सापेक्षता यांसारख्या वादांत जास्तीत जास्त उद्धृत होणारा लेख कधी कधी सर्वांनी खोडून काढलेला लेख असतो. खोडले जाणे म्हणजे अपयश असेही नाही. वाद ज्याच्याभोवती फिरतो त्याने वाद घडवलेला असतो. पण समितीला हा फरक माहीत असावा.

विद्यापीठाबाहेरचा ठसा

येथे पुन्हा त्या खुल्या पत्राकडे यावे लागते. अशा कामाचा माग काढण्यासाठी न्यायालयीन निकाल, विधी आयोगाचे अहवाल, संसदेतील चर्चा, संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांचे दस्तऐवज आणि मानवी हक्क आयोगांचे अहवाल हे पाच साठे क्रमाने पाहावेत. भारतीय निकालांसाठी ‘इंडियन कानून’ आणि सर्वोच्च न्यायालयाचे २०२३ पासूनचे ई-एससीआर हे दोन्ही विनामूल्य आहेत. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या निकालांसाठी हुडॉक हा संच आहे. शोध आडनाव आणि शीर्षकातील दोन ठळक शब्द यांच्या जोडीने घ्यावा, कारण नुसत्या आडनावाने त्याच नावाचे वकील आणि पक्षकार हजारोंनी सापडतात. निकालात उल्लेख सापडला तर तो बहुमताच्या निकालपत्रात आहे, असहमतीच्या निकालपत्रात आहे की केवळ वकिलाच्या युक्तिवादाच्या नोंदीत आहे, ते लिहावे. तिन्हींचे वजन सारखे नसते. धोरणविषयक दस्तऐवजांतील उल्लेख गोळा करणारा ओव्हरटन हा संचही आहे, मात्र भारतीय भाषांतील साहित्यासाठी त्यावर विसंबू नये. समाजमाध्यमांवरील चर्चेचे गुण मी तक्त्यात घेत नाही. त्यात क्षणिक गाजावाजा जास्त असतो.

सापडलेले धागे जोडताना शब्द जपून वापरावेत. १९७९ चे पत्र, त्यानंतरची स्त्री-संघटनांची आंदोलने, १९८० चा अहवाल आणि १९८३ ची दुरुस्ती हा कालक्रम निर्विवाद आहे. पण पत्रामुळेच कायदा बदलला, असे लिहिणे रस्त्यावर उतरलेल्या हजारो स्त्रियांवर अन्याय करणारे होईल. ‘हातभार लागला’ असे लिहावे आणि कोणत्या कागदावरून ते म्हणतो आहोत ते सांगावे. ब्रिटनमधील विद्यापीठांच्या संशोधन-मूल्यमापनात परिणामाची अशी लेखी प्रकरणे मागवली जातात. त्यांना २०१४ मध्ये २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के भार होता. आपल्याकडे तसा भार नसला तरी दोन पानांचे प्रकरण लिहिण्याचा तो साचा उचलण्याजोगा आहे: काय लिहिले, कोणी वाचले, त्याने काय केले, पुरावा कोणता.

टिपण

अंतिम टिपण चार पानांपेक्षा मोठे नसावे. पहिल्या पानावर संचांची नावे, प्रत्येक शोधाची तारीख आणि आवृत्त्या, भाषांतरे, सामूहिक कामे व स्वतःची सायटेशन यांबाबत ठरवलेले नियम द्यावेत. दुसऱ्यावर दोन संचांचे आकडे शेजारीशेजारी, बेरीज न करता, कारण तोच उल्लेख दोन्हीकडे असतो. तिसऱ्यावर वाचून पाहिलेल्या उल्लेखांचा गोषवारा आणि विद्यापीठाबाहेरचे प्रकरण. चौथ्यावर, आणि हे पान मी कधीही गाळत नाही, यादीतील ज्या कामांना कोणत्याही संचात एकही नोंद सापडली नाही त्यांची नावे, प्रत्येकासमोर एका ओळीत कारण: मराठी नियतकालिक, स्वाक्षरी नसलेला अहवाल, न्यायालयीन निवेदन, खुले पत्र. टिपण समितीकडे जाण्यापूर्वी अभ्यासकाला दाखवावे आणि दुरुस्तीसाठी आठ दिवस द्यावेत. बहुतेक दुरुस्त्या याच चौथ्या पानावर येतात.